पिवळ्याचे पांढरे

मध्यमवयीन माणसाच्या मस्तकाचे बारकाईने निरीक्षण केले असता असे आढळते की, त्याच्या माथ्यावर पांढरे झालेले काळे करण्याचा आणि तेथून जेमतेम वीतभर खाली पिवळे झालेले पांढरे करण्याचा, असे दोन परस्परविरोधी उद्योग एकाच वेळी चालू असतात, आणि दोहोंना लागणारे कळीचे रसायन मात्र एकच, हायड्रोजन पेरॉक्साइड, असते. केसांच्या कलपात ते रंग घडवते आणि दातांना लावायच्या जेलमध्ये तेच रंग मोडते. रसायनाला याबाबत स्वतःचे मत नसते. पांढरे केस म्हणजे वार्धक्य आणि पांढरे दात म्हणजे तारुण्य हा निवाडा समाजाने दिलेला असून रसायन केवळ त्याची अंमलबजावणी करते. मराठी भाषेनेही या प्रकरणात पक्षपात केलेला दिसतो, कारण 'काळ्याचे पांढरे होणे' हा तिने अनुभवाचा दाखला मानला आणि मुलाबाळांना गप्प बसवण्यासाठी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरू दिला, परंतु 'पांढऱ्याचे पिवळे होणे' ही त्याच वयात आणि त्याच माणसाच्या बाबतीत घडणारी घटना असूनही तिच्या जोरावर आजवर कोणाला उपदेश करता आलेला नाही.

मुळात दात पांढरा असतो हे गृहीतकच तपासून पाहण्यासारखे आहे. दाताचे बाहेरचे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य असून वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. परंतु ते अर्धपारदर्शक असल्यामुळे त्याच्या आतला डेंटीन नावाचा थर, जो जन्मतःच पिवळसर असतो, तो दुधी काचेमागे लावलेल्या दिव्यासारखा बाहेर जाणवत राहतो. वय वाढते तसे कवच झिजून पातळ होते, आतला थर जाड होत जातो आणि दात अधिक पिवळा दिसू लागतो. शिवाय एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नाहीशा होतात, त्यामुळे एकदा गेलेले कवच पुन्हा येत नाही. काम पूर्ण होताच गाशा गुंडाळणाऱ्या आणि देखभालीच्या कलमाशी आपला संबंध नाही असे मानणाऱ्या कंत्राटदाराचे हे आद्य उदाहरण समजावयास हरकत नाही. दात उजळवण्याच्या सर्व उपायांची परीक्षा या एका गोष्टीवर करता येते. जो उपाय डाग घालवून कवच शाबूत ठेवतो तो उपाय, आणि जो डागासोबत कवचही घेऊन जातो तो भांडे घासता घासता कल्हई उडवणाऱ्या हाताचा उत्साह.

कवींनी दातांना कुंदकळ्यांची, मोत्यांची आणि डाळिंबाच्या दाण्यांची उपमा दिली. पैकी मोती बहुधा सायीच्या रंगाचा असतो, आणि डाळिंबाचा दाणा तर लाल असतो, त्यामुळे ही शेवटची उपमा सुचली त्या काळी नायिकेच्या तोंडात विडा रंगलेला असावा असा तर्क कोणी केला तर तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. महाराष्ट्रातील सवाष्णींच्या प्रसाधनात एके काळी दातवण नावाचे चूर्ण होते, जे हिरडा, हिराकस वगैरे जिनसांपासून तयार करीत आणि ज्याने दात काळे होत. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार आणि हिरड्यात असते टॅनिन. हे दोन पदार्थ एकत्र आले की शाई तयार होते, म्हणजे त्या काळातील प्रतिष्ठित स्त्री अक्षरओळख नसतानाही दररोज तोंडात शाई बाळगून होती. जपानमध्ये लोह आणि टॅनिन यांच्याच मिश्रणाने दात काळे करण्याची रीत उमरावांच्या घराण्यांत शतकानुशतके चालली. १८७० साली सरकारने ती उमरावांना बंद केली, आणि १८७३ साली खुद्द सम्राज्ञी पांढरे दात घेऊन लोकांसमोर आल्या तेव्हा उरलेल्या जपानला आपले दात चुकीच्या रंगाचे आहेत हे समजले.

उलटपक्षी, शुभ्रतेचा हव्यास किती जुना आहे याचा पुरावा रोममध्ये सापडतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील कवी कॅटलस याने आपल्या एकोणचाळिसाव्या कवितेत एग्नेशियस नावाच्या एका गृहस्थाची यथेच्छ टिंगल केली आहे, कारण हा गृहस्थ दात पांढरे असल्यामुळे कोर्टातील करुण प्रसंगापासून चितेपर्यंत सर्वत्र दात काढीत असे, आणि ते पांढरे राहण्याचे कारण म्हणजे त्याच्या मुलखात दात मूत्राने घासण्याची पद्धत होती. आधुनिक वाचकाने नाक मुरडण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की, आजच्या दंतवैद्यकात सर्वांत विश्वासार्ह मानले जाणारे द्रव्य म्हणजे कार्बामाइड पेरॉक्साइड, आणि ते तोंडात विघटन पावले की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर जो दुसरा पदार्थ निघतो तो युरिया असतो. शेतकरी त्याला गोणीवरून ओळखतो, एग्नेशियसने तो दुसऱ्या मार्गाने मिळवला होता, इतकाच फरक.

महाराष्ट्राच्या घराघरांत या विषयाचा प्रदीर्घ प्रयोग राखुंडीवर झाला. राखुंडी म्हणजे गोवऱ्यांची किंवा कोळशाची बारीक राख, जी तळहातावर घेऊन तर्जनीने दातांवर फिरवली जाई. पुढे तिची जागा डब्यातील काळ्या मंजनाने घेतली, आणि मग टूथपेस्ट आली, जिला मराठी माणसाने तत्काळ एका कंपनीचे नाव सामान्यनाम म्हणून बहाल केले, इतके की आजही किराणा दुकानात 'कोणते कोलगेट देऊ?' असा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर भलत्याच कंपनीच्या नावाने दिले जाते. राखेतून पेस्टकडे झालेल्या या प्रवासाला प्रगती म्हणावे, तर गेल्या काही वर्षांत तोच कोळसा 'ॲक्टिव्हेटेड चारकोल' हे नाव धारण करून, काळ्या चकचकीत नळीत शिरून, राखुंडीच्या शतपट किमतीला परत आला आहे. ज्या नातवाने आजीला राखुंडी सोडायला लावली तोच नातू आता ती ऑनलाइन मागवतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ साली आलेल्या आढाव्यात कोळशाची अशी उत्पादने सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचा पुरेसा पुरावा आढळला नाही असे म्हटले होते. परंतु आढावा वाचून टूथपेस्ट घेणारा ग्राहक हा पत्रिका वाचून औषध घेणाऱ्या रुग्णाइतकाच दुर्मीळ असतो.

येथे खरखरीतपणाच्या मापाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. कोणतीही पेस्ट किंवा मंजन डेंटीनला किती घासते हे मोजण्यासाठी आरडीए नावाचा सापेक्ष अंक वापरतात, आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो २५० च्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. 'व्हाइटनिंग' असे नाव मिरवणाऱ्या बहुतेक पेस्टी दाताचा रंग बदलत नसून पृष्ठभागावरचे चहाकॉफीचे डाग घासून काढतात, आणि हे काम त्या बऱ्यापैकी करतातही. अडचण उद्भवते ती वापरणाऱ्याच्या मनगटात, कारण ज्या जोमाने पितळेचा गडू चिंचेने घासून लख्ख केला त्याच जोमाने दात घासले की ते लख्ख होतील अशी त्याची श्रद्धा असते, आणि महिन्याभरात ब्रशचे केस चारी दिशांना पांगलेले पाहून त्याला आपल्या निष्ठेचा पुरावा मिळाल्याचे समाधान होते. वाग्भटाने अष्टांगहृदयात दातणाचे माप दिले आहे, म्हणजे लांबी बारा अंगुळे, जाडी करंगळीच्या टोकाइतकी आणि अग्र मऊ, आणि ते हिरड्यांना इजा न करता वापरावे असेही बजावले आहे. मऊ ब्रश आणि हलका हात हा आजच्या दंतवैद्याचा सल्ला त्याहून फार वेगळा नाही, मात्र दोन्ही ऋषींचे ऐकणारे शिष्य सारखेच थोडे.

मशेरीबद्दल विनोद करणे कठीण आहे. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ही पूड दात स्वच्छ करण्याच्या सबबीवर तोंडात जाते आणि व्यसन होऊन तेथेच राहते; दात तर काळवंडतातच, शिवाय कर्करोगाचा धोका पदरात पडतो. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ साली केंद्र सरकारने बंदी केली, पण घरच्या तव्यावर बंदीचा अंमल पोहोचत नाही.

डागांचे म्हणाल तर महाराष्ट्राने त्यांची तजवीज सढळ हाताने केली आहे. चहातील टॅनिन, पानातील कात, हळद, कोकम, विडी, काही जणांच्या बाबतीत लोहाचे पातळ औषध, आणि गमतीची गोष्ट म्हणजे हिरड्यांसाठी दिले जाणारे क्लोरहेक्सिडीनचे गुळणे, जे दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी छटा सोडतात, हे सर्व घटक बाहेरच्या डागांत मोडतात, आणि त्यांच्या बुडाशी बहुतेक वेळा कीटण असते. कीटण म्हणजे दातावरचा चिकट जंतुमय थर लाळेतील क्षारांमुळे दगडासारखा कडक होऊन बसलेला असतो तो. हे ब्रशने निघत नाही. दंतवैद्याला कंपनांनी चालणाऱ्या उपकरणाने ते काढावे लागते, आणि चहाबाज माणसाच्या बाबतीत तेवढ्यानेच दात इतके उजळतात की पुढच्या खर्चाचा विषय निघत नाही. तरीही हा सर्वांत साधा आणि स्वस्त उपाय मराठी माणूस सर्वांत शेवटी करतो, कारण 'दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात' हा सिद्धांत सर्व जिल्ह्यांत एकमुखाने मान्य झालेला आहे. या सिद्धांतामागचे निरीक्षण खोटे नाही, केवळ त्याचा अर्थ उलटा लावला गेला आहे : हिरडीचा आणि हाडाचा आधार कीटणानेच आधी खाल्लेला असतो, आणि कीटण स्वतः त्या फटीत गवंड्याच्या गिलाव्यासारखे भरून बसलेले असते, त्यामुळे ते काढताच पोकळी जिभेला जाणवते आणि दोषारोप भाडेकरूवर न होता त्याला बाहेर काढणाऱ्या बेलिफावर होतो.

दंतवैद्याला टाळून स्वयंपाकघरात शिरलेल्या माणसाला तेथे प्रथम लिंबू भेटते. लिंबाच्या रसाची आम्लता सुमारे २ ते २.५ पीएच इतकी तीव्र असते, आणि एनॅमल सुमारे ५.५ च्या खाली विरघळू लागते. म्हणजे लिंबू आणि मीठ लावून दात चोळणे म्हणजे कपड्यावरील डाग काढण्यासाठी कापड कुरतडणे होय. दात त्या क्षणी उजळल्यासारखे भासतात खरे, पण पुढे कवच पातळ होऊन आतला पिवळा थर अधिकच डोकावतो, आणि मग तो पिवळेपणा घालवण्यासाठी अधिक लिंबू लागते. आठवडी बाजारात चादर अंथरून बसलेला विक्रेता गर्दीतल्या एखाद्या पोराला पुढे ओढून, त्याच्या दोनच दातांना पूड लावून, ते दोन दात सर्वांना फिरवून दाखवतो तेव्हाही बहुधा आम्लाचाच खेळ चाललेला असतो; उरलेले तीस दात का सोडले याची विचारणा श्रोते करीत नाहीत, आणि पोरही करीत नाही. खाण्याचा सोडा या मानाने निरुपद्रवी असतो, कारण तो मऊ असून आम्ल शमवतो, पण त्याच्याकडून वरवरच्या डागांपलीकडे अपेक्षा ठेवू नये. खोबरेल तेलाच्या गुळण्यांनी दात पांढरे होतात याला भक्कम आधार नाही, तथापि तेवढा वेळ माणूस बोलत नाही, हा लाभ घरातील इतरांच्या पदरात पडतो.

दाताच्या आतल्या रंगाला हात घालायचा तर विरंजनच करावे लागते, म्हणजे रंग ज्या रेणूंमुळे दिसतो ते रेणू ऑक्सिडीकरणाने तोडावे लागतात, आणि ही विद्या अपघाताने सापडली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातील क्लुस्मायर नावाच्या दंतवैद्याने दात सरळ करण्याच्या साच्यात हिरड्या बऱ्या करणारे कार्बामाइड पेरॉक्साइडचे औषध घालायला दिले, हिरड्या बऱ्या झाल्या, आणि दात अनपेक्षितपणे उजळले. हेवूड आणि हेमन या दोघांनी १९८९ साली ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. रुग्णाच्या दातांच्या मापाचा पातळ साचा करून त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल घालून तो रात्री लावून झोपायचे, आणि हे दोन ते चार आठवडे चालू ठेवायचे, असा हा घरगुती पण दंतवैद्याच्या देखरेखीतला उपाय आहे. १० टक्के हा आकडा भीतिदायक वाटला तरी त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आसपासच निघते. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशानुसार ०.१ टक्क्याहून अधिक आणि ६ टक्क्यांपर्यंतचे पेरॉक्साइड केवळ दंतवैद्यांमार्फत द्यावे आणि अठरा वर्षांखालील मुलांना देऊ नये असे ठरवले आहे, यावरून जी वस्तू कोपऱ्यावरच्या ब्युटी पार्लरमध्ये फेशियलसोबत फुकट मिळते तिच्याकडे किंचित संशयाने पाहण्यास जागा आहे.

उपचारापूर्वी किडलेले दात भरून घ्यावे लागतात, हिरड्या निरोगी लागतात, आणि गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रियांना तो पुढे ढकलण्यास सांगितले जाते. काही दिवस दातांना झिणझिण्या येणे ही सर्वसामान्य गोष्ट असून ती बहुधा आपोआप शमते. त्या काळात थंड पाण्याचा घोट घेणाऱ्याचा चेहरा पाहून मात्र घरच्यांचा गैरसमज होतो. एक बाब ग्राहकाला अगोदर सांगितली जात नाही, किंवा सांगितली तरी ऐकली जात नाही, ती अशी की पेरॉक्साइडला फक्त खरा दात कळतो : सिमेंट, कॅप आणि पूर्वीचे भरलेले भाग जसेच्या तसे राहतात, त्यामुळे एखाद्याचे सर्व दात उजळले आणि पुढची जुनी कॅप तेवढी मागे राहिली, की नवरदेवाच्या वरातीत एकट्याच जुन्या कोटात आलेल्या मामासारखी ती उठून दिसते.

दवाखान्यात तासाभरात होणाऱ्या विरंजनात पेरॉक्साइडचे प्रमाण २५ ते ४० टक्क्यांपर्यंत असते, म्हणून हिरड्यांवर आधी संरक्षक थर चढवावा लागतो, आणि मग तोंडासमोर निळा दिवा लावला जातो. या दिव्यामुळे अंतिम शुभ्रतेत लक्षणीय भर पडते असे शास्त्रीय आढाव्यांतून दिसत नाही, परंतु एवढे पैसे मोजणाऱ्या माणसाला समोर काहीतरी लुकलुकताना दिसणे ही त्याची मानसिक गरज असते, आणि ती भागवली जाते. तासभर तोंड उघडे राहून दात सुकतात, सुकलेला दात अधिक पांढरा दिसतो, नेमके त्याच वेळी 'नंतरचा' फोटो काढला जातो, आणि दोनचार दिवसांत लाळेने दात पुन्हा ओला झाला की त्यातली काही शुभ्रता परत फिरते.

यानंतर ४८ तास रंगीत पदार्थ वर्ज्य करावेत, असे पथ्य अनेक ठिकाणी सांगितले जाते. चहा, कॉफी, हळद, बीट, कोकम, जांभूळ हे सर्व बाद झाल्यावर मराठी ताटात जे उरते ते म्हणजे दहीभात, साबुदाणा, भगर आणि केळे, म्हणजेच जवळजवळ एकादशी; सौंदर्यासाठी केलेल्या खर्चातून असे अनपेक्षित पुण्य लागते. या पथ्याने निकालात फारसा फरक पडत नाही असे काही अभ्यासांतून दिसले आहे, तरी लग्नसराईत ते पाळणाऱ्या वधूची कोंडी ठरलेली असते, कारण दात पांढरे करण्याची वेळ आणि हळदी समारंभ हे नेमके लागोपाठच्या दिवसांत येतात, आणि आत्याबाईंचा हात गालावरून ओठांपर्यंत येणार नाही याची हमी कोणताही दंतवैद्य देऊ शकत नाही.

काही डाग असे असतात की ज्यांच्यापुढे हा सगळा सरंजाम थिटा पडतो. लहानपणी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घेतलेल्यांच्या दातांतील करडे पट्टे महिनोन्‌महिने विरंजन केल्यावर कुठे मंदावतात. यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक असते, आणि कवच घडण्याच्या वयात ते पाणी प्यायलेल्या मुलांच्या दातांवर पांढरे खडूसारखे किंवा तपकिरी डाग उमटतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही इष्ट मर्यादा असून पर्यायी पाणी नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत ते चालवून घेतात. या डागांना मंजन लागू पडत नाही, आणि त्या मुलांना वर्गात 'दात घासत जा' असे सांगणाऱ्या शहरी पाहुण्याने बोलण्यापूर्वी गावच्या हापशाकडे पाहावे.

खरवडणे, विरघळवणे आणि विरंजन यांच्यापलीकडे चौथा मार्ग फसवणुकीचा आहे आणि तो या लेखनातील सर्वांत निर्धोक मार्ग म्हटला पाहिजे. काही पेस्टींत निळे रंगद्रव्य घातलेले असते, जे दातावर अतिशय पातळ बसून पिवळ्याला निळ्याने मारते आणि दात लगेच पांढरा भासवते. ज्या घरांत धोतरे आणि शर्ट नीळ घालून पिळले जात त्यांना या शोधाचे कौतुक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्याहूनही खात्रीचा उपाय म्हणजे वाढदिवसाचा फ्लेक्स. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टापुढे नेत्याचे दात पिवळे दिसणे अटळ असते, कारण शेजारी अधिक पांढरे काही आले की कमी पांढरे पिवळे भासते, म्हणून फ्लेक्स तयार करणारा तरुण संगणकावर दोन मिनिटांत बत्तीसच्या बत्तीस दात शुभ्र करून देतो, त्यासाठी वेगळे पैसे घेत नाही, झिणझिण्या येत नाहीत, आणि कार्यकर्त्यांच्या रांगेत छापलेल्या बारा जणांचेही दात त्याच ओघात उजळून निघतात.

दाताचा रंग ठरवण्यासाठी दंतवैद्याकडे रंगाच्या दुकानातील शेड कार्डासारखीच एक पट्टी असते. जर्मनीतील व्हिटा कंपनीने १९५६ साली आणलेल्या अशा पट्टीत ए-वन पासून डी-फोर पर्यंत सोळा छटा होत्या आणि त्या सर्व निसर्गात आढळणाऱ्या होत्या. पुढे गिऱ्हाइकांना त्यांतली सर्वांत फिकट छटाही पुरेनाशी झाली, तेव्हा मनुष्याच्या तोंडात सहसा न सापडणाऱ्या अधिक पांढऱ्या छटा वेगळ्या कराव्या लागल्या. या पट्टीचा खरा कस कवळीच्या वेळी लागतो. कृत्रिम दात खऱ्यासारखा दिसावा म्हणून कारागीर त्याच्या हिरडीकडच्या बाजूला मुद्दाम पिवळी झाक देतो, टोकाशी थोडी पारदर्शकता ठेवतो, आणि दंतवैद्य सत्तरीच्या आजोबांच्या वयाला शोभेल अशी ए-थ्री ही छटा निवडून, खिडकीच्या उजेडात त्यांच्या गालाशी धरून, हीच कशी नैसर्गिक दिसेल हे समजावून सांगतो. आजोबा शांतपणे ऐकून घेतात, पट्टी स्वतःच्या हातात घेतात, तिच्यावरून नजर फिरवतात आणि विचारतात, "सगळे नवेच बसवायचे आहेत ना, मग जुन्या रंगाचे कशाला?"